धर्मग्रामाची शाळा : वसईतल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाताळचे कंदील उतरायच्या आत वसईच्या वाड्या-आळ्यांत शाळाप्रवेशाची चर्चा सुरू होते. मुलाला धर्मग्रामाच्या (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या कॅथलिक समाजाच्या) शाळेत घालायचं, स्टेशनजवळच्या नव्या इंटरनॅशनलमध्ये की सिस्टरांच्या कॉन्व्हेंटमध्ये? खालची उत्तरं प्रामुख्याने वसई धर्मप्रांतातल्या कॅथलिक कुटुंबांसाठी आहेत. इतर धर्मांच्या पालकांना लागू पडणारे प्रश्नही मध्ये येतात. नियमांचा भाग महाराष्ट्रातल्या राज्य मंडळाच्या शाळांपुरता आहे.

धर्मग्रामाची शाळा, कॉन्व्हेंट आणि ‘सेंट’ नावाची शाळा यांत फरक काय?

धर्मग्रामाची शाळा चर्चच्या आवारात किंवा जवळपास असते. ती धर्मप्रांताच्या शिक्षण न्यासाकडून चालते आणि तिचे व्यवस्थापक सहसा चर्चचे प्रमुख धर्मगुरू असतात. कॉन्व्हेंट शाळा धर्मभगिनींच्या संस्थेची. तिचा कारभार, प्रवेश आणि शुल्क संस्थेचं प्रांतिक कार्यालय ठरवतं, त्यात फादरांचा शब्द चालेलच असं नाही. ‘फादर, जरा सिस्टरांना सांगा ना’ ही विनवणी म्हणूनच बऱ्याचदा फळत नाही.

तिसरा प्रकार पाटीवर ‘सेंट’ असलेल्या खासगी शाळांचा. संताचं नाव लावायला सरकारी कायद्याची आडकाठी नाही. चर्चचा नियम मात्र वेगळा आहे. कॅनन कायद्याच्या कलम ८०३ प्रमाणे चर्चच्या अधिकाऱ्यांच्या संमतीशिवाय कोणतीही शाळा स्वतःला कॅथलिक म्हणवू शकत नाही. खात्री करायची तर फी-पावतीवरचं संस्थेचं नाव वाचा, आणि अल्पसंख्याक दर्जाचं प्रमाणपत्र आहे का, ते राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाचं की दिल्लीच्या राष्ट्रीय अल्पसंख्याक शैक्षणिक संस्था आयोगाचं, हे कार्यालयात विचारा. पाच मिनिटांचं काम आहे. प्रवेशाच्या घाईत ते कोणी करत नाही आणि पुढे अकरावीच्या कोट्याच्या वेळी डोळे उघडतात.

कॅथलिक मुलाने कॅथलिक शाळेतच जावं, असं बंधन आहे का?

सरसकट बंधन नाही. कलम ७९३ मुलांच्या शिक्षणाची पहिली जबाबदारी आईवडिलांवर टाकतं. कलम ७९८ म्हणतं की पालकांनी मुलांना कॅथलिक शिक्षण देणाऱ्या शाळेत पाठवावं, आणि ते जमत नसेल तर शाळेबाहेर त्यांच्या धर्मशिक्षणाची योग्य सोय करावी. या दुसऱ्या अर्ध्या वाक्याकडे दुर्लक्ष होतं. मूल बाहेरच्या शाळेत गेलं म्हणून फादर रागावणार नाहीत, पण रविवारच्या वर्गाला दांडी मारली तर विचारणारच.

आमच्या कुटुंबाला यातून नेमकं काय मिळतं?

आधी जे मिळत नाही ते सांगून टाकू. शाळा कॅथलिक आहे म्हणून गुण जास्त पडत नाहीत. कलम ८०६ सांगतं की कॅथलिक शाळेचा शैक्षणिक दर्जा परिसरातल्या इतर शाळांपेक्षा निदान कमी तरी नसावा. ही अपेक्षा आहे, हमी नव्हे. दहावीचा निकाल बघायचाच असेल तर एका वर्षाचा न बघता तीन-चार वर्षांचा बघा. ‘१०० टक्के’चा फलक वाचताना नववीत किती मुलं होती आणि दहावीला किती बसली, हेही विचारा. नववीत गळती करून निकाल सजवणाऱ्या शाळा सगळ्याच व्यवस्थापनांत सापडतात.

आता जे मिळतं ते. पहिली गोष्ट अंतर. गिरीज, भुईगाव, निर्मळ, आगाशी, पापडी अशा गावांत धर्मग्रामाची शाळा बहुतेक मुलांना पायी किंवा सायकलने गाठता येते. स्टेशनकडच्या शाळेची व्हॅन म्हणजे दिवसाचा तास-दीड तास रस्त्यावर आणि दरमहा वेगळा खर्च. पावसाळ्यात रस्ते तुंबले की तोही भरवसा नाही.

दुसरी गोष्ट ओळखीची. वर्गशिक्षिकेला मुलाची आजी माहीत असते आणि आजीला शिक्षिकेची आई. कधी त्याचा जाच होतो हे खरंच. पण घरात आजारपण आलं, वडिलांची नोकरी गेली, बाप गल्फला आणि आई एकटी असली, तर मुलाचा अभ्यास घसरायला लागल्याचं अशा शाळेत लवकर लक्षात येतं. गृहपाठाची वही आठवडाभर कोरी दिसली की निरोप घरी पोहोचतो. फादर, गरजूंना मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट दी पॉल सोसायटीचे कार्यकर्ते आणि शाळा एकाच आवारात असल्याने वह्या-गणवेशाची मदत गाजावाजा न होता मिळून जाते.

तिसरी गोष्ट सोबतीची. वर्गात शेजारी बसणारी मुलंच रविवारी धर्मशिक्षणाला, वेदीसेवकांत, गायनवृंदात आणि फेस्ताच्या मंडपात भेटतात. चौदा-पंधराव्या वर्षी चर्चला यायला कुरकुर सुरू होते, तेव्हा आईच्या बोलण्यापेक्षा ‘तू येतोयस ना?’ असं विचारणारा वर्गमित्र जास्त कामाला येतो.

आणि चौथी, जिच्याबद्दल फार बोललं जात नाही. त्याच बाकावर वारली पाड्यावरची मुलगी, कोळीवाड्यातला मुलगा, भंडारी, वाडवळ, मुस्लिम आणि कालपरवा नालासोपाऱ्यात राहायला आलेल्या कुटुंबातलं मूल बसतं. गावात कॅथलिक आणि इतर यांची घरं, सण, लग्नं बरीचशी आपापल्या वर्तुळात होतात. दहा वर्षं एकत्र डबा खाण्याची जागा म्हणजे ही शाळाच.

मराठी माध्यम की इंग्रजी?

हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे आणि यावर आम्ही तटस्थ नाही.

वसईतलं कॅथलिक मूल घरी बहुधा कादोडी किंवा वाडवळी बोलतं. शाळेची मराठी ही त्याची पहिली लिखित भाषा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) लोकभाषेत आली तेव्हापासून वसईची उपासना, गायनं, प्रवचनं, धर्मशिक्षणाची पुस्तकं, अंत्यविधीच्या प्रार्थना सगळं मराठीत आहे. इंग्रजी माध्यमात दहावीपर्यंत शिकलेल्या मुलाला रविवारी वाचनपीठावर उभं करा. ‘पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र’ इथपर्यंत कसंबसं निभावतं, ‘थेस्सलनीकाकरांस’ आलं की गाडी अडते. हळूहळू ते मूल वाचायला नाव देईनासं होतं, मग तरुण मंडळात मागे बसतं, आणि शेवटी इंग्रजी मिस्सेच्या शोधात वसई रोडकडे जातं. दोष त्याचा नाही. त्याला सरावच कोणी दिला नाही.

पालकांची भीतीही खोटी नाही. नोकरीच्या मुलाखतीत इंग्रजी लागतं, आणि मराठी शाळेत पट घसरल्याने शिक्षक कमी झालेत हे त्यांना दिसतं. यावरची मधली वाट म्हणजे सेमी इंग्रजी. माध्यम मराठी, पण गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. सेमी निवडताना दोन गोष्टी तपासा. ते कितवीपासून सुरू होतं हे पहिलं. आठवीत अचानक सुरू झालं तर ‘डिनॉमिनेटर’ आणि ‘छेद’ यांची सांगड घालण्यातच पहिली सहामाही जाते, पाचवी-सहावीपासून असेल तर बरं. दुसरं म्हणजे ते विषय शिकवणाऱ्या शिक्षकाची स्वतःची पदवी त्या विषयात आहे का.

इंग्रजी माध्यमच घ्यायचं ठरवलं असेल तर मराठीला हलक्यात घेऊ नका. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, पण तेवढ्याने वाचन सुधारत नाही. रविवारच्या मिस्सेचं पहिलं वाचन शनिवारी संध्याकाळी घरी मोठ्याने वाचून घ्या. दहा मिनिटं लागतात.

मराठी माध्यमातून पुढे काय होतं, असं विचारणाऱ्यांसाठी एकच नाव पुरे. २०२० च्या उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो नंदाखालच्या संत जोसेफ मराठी शाळेत शिकले.

फी किती? ‘अनुदानित’ म्हणजे फुकट का?

अनुदानित तुकडीत शिक्षकांचा पगार सरकार देतं, त्यामुळे शिकवणी शुल्क जवळपास नसतंच. सत्र शुल्क, संगणक, ओळखपत्र असे किरकोळ आकार असतात. पहिली ते आठवीला पाठ्यपुस्तकं आणि पोषण आहार मिळतो. विनाअनुदानित (बहुतेक इंग्रजी) तुकडीत पगारापासून वीजबिलापर्यंत सगळं फीतून भागवावं लागतं. एकाच आवारात, एकाच नावाच्या शाळेत दोन वेगळे आकडे दिसतात ते यामुळे. इंग्रजीच्या फीतून मराठीचं छप्पर दुरुस्त होतं अशी कुजबुज अधूनमधून ऐकू येते. दोन्हींचे हिशेब वेगळे ठेवावे लागतात, आणि पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत ते मागता येतात.

फीवाढीबद्दल २०११ चा महाराष्ट्र शुल्क विनियमन कायदा लागू होतो. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे प्रस्ताव ठेवून मंजुरी घ्यावी लागते आणि एकदा ठरलेली फी दोन वर्षं बदलत नाही. समितीवर येण्यासाठी इच्छुक पालकांतून चिठ्ठ्या काढल्या जातात. मात्र जूनमधल्या त्या सभेला वर्गातले आठ-दहा पालकही येत नाहीत, आणि मग वर्षभर गेटवर चर्चा चालते.

पट कमी झाला म्हणून शिक्षक जातात, हे कसं?

अनुदानित शाळेत किती शिक्षकांचा पगार सरकार देणार, हे संचमान्यतेत ठरतं. त्यासाठी ३० सप्टेंबरची पटसंख्या धरली जाते. प्राथमिकला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, पुढे तिसरा अशी मूळ रचना. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने निकष आणखी बदलले, त्यामुळे आपल्या शाळेला नेमकी किती मुलं कमी पडतात हे मुख्याध्यापकांनाच विचारा. त्यांना तो आकडा तोंडपाठ असतो. पट खाली गेला की शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो आणि त्याचं समायोजन दुसऱ्या शाळेत होतं. मग एकच शिक्षक दोन वर्ग सांभाळतो, ते पाहून आणखी चार पालक मुलं काढतात आणि पुढच्या सप्टेंबरात आणखी एक पद जातं. वसईतल्या मराठी शाळांचं दुखणं बरंचसं याच फेऱ्यात आहे.

यात पालकांच्या हातातली एक गोष्ट फार क्षुल्लक वाटते, पण ती मोलाची आहे. ती म्हणजे आधार. यू-डायस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदप्रणालीत मुलाचं नाव, जन्मतारीख आणि लिंग आधारशी जुळलं नाही तर ते मूल ‘वैध’ धरलं जात नाही. प्राथमिकला ६२ मुलं रोज हजर असतात आणि पोर्टलवर ५८ दिसतात. त्या चार मुलांपायी एक पद हातचं जातं. कॅथलिक कुटुंबांत न जुळण्याची कारणं ठरलेली आहेत :

- आडनावाचं स्पेलिंग. शाळेत ‘घोन्साल्विस’, आधारवर ‘गोन्साल्विस’; एकीकडे ‘लोपीस’, दुसरीकडे ‘लोपेस’. ‘डिसोजा’च्या इंग्रजी ‘डी’नंतरचं वरचं टिंब एका कागदावर असतं, दुसऱ्यावर नसतं.
- बाप्तिस्म्याच्या वेळी ठेवलेली दोन नावं. जन्मदाखल्यावर एकच, आधारवर दोन्ही.
- वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून लिहिलेलं किंवा न लिहिलेलं.
- पाच आणि पंधरा वर्षांनंतरचं बोटांचे ठसे-डोळ्यांचं अद्ययावतीकरण न केल्याने बंद पडलेलं आधार.

उपाय सोपा आहे. जन्मदाखला हा मूळ कागद धरा आणि बाकी सगळं त्याच्याशी जुळवून घ्या. दुरुस्ती उन्हाळ्याच्या सुट्टीत उरका. सप्टेंबरात केंद्रावर रांगा लागतात.

प्रवेशाला कोणते कागद लागतात?

जन्मदाखला, मुलाचं आणि पालकांचं आधार, राहण्याचा पुरावा, पासपोर्ट आकाराचे फोटो, आणि दुसऱ्या शाळेतून येत असाल तर शाळा सोडल्याचा दाखला. पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण हवीत. कॅथलिक मुलांकडून बाप्तिस्म्याचा दाखला आणि बाहेरच्या धर्मग्रामातून आलेले असाल तर तिथल्या फादरांचं पत्र मागतात. बाप्तिस्म्याचा दाखला जिथे संस्कार झाला त्याच चर्चच्या नोंदवहीतून निघतो, राहत्या धर्मग्रामातून नाही. बाप्तिस्मा आईच्या माहेरच्या चर्चला झाला असेल तर आधीच तिकडे जाऊन या.

अर्जातला ‘धर्म व जात’ हा रकाना नीट भरा. कारकुनाने घाईत कुठे ‘ख्रिश्चन’, कुठे ‘रोमन कॅथलिक’, कुठे नुसती रेघ ओढलेली असते. ही नोंद जनरल रजिस्टरमध्ये जाते, तिथून शाळा सोडल्याच्या दाखल्यावर येते, आणि पुढे अल्पसंख्याक कोटा, शिष्यवृत्ती, काहींच्या बाबतीत जातपडताळणी यांत तीच पुरावा म्हणून पाहिली जाते. मूल शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी घेऊन दुरुस्ती करता येते. शाळा सोडल्यावर ते फार जिकिरीचं होतं.

देणगीशिवाय प्रवेश मिळत नाही, असं ऐकलं.

प्रवेशासाठी देणगीची अट घालणं १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. शाळेला मदत करायची असेल तर प्रवेशाशी संबंध न ठेवता, न्यासाच्या नावाने धनादेश द्या आणि पावती घ्या. पावती नाही तर पैसे नाहीत.

शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के राखीव जागांच्या लॉटरीत धर्मग्रामाची शाळा का दिसत नाही?

सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०१४ च्या प्रमती निकालात राज्यघटनेच्या कलम ३० खालच्या अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून वगळलं. त्या निकालाचा फेरविचार व्हावा का, हा प्रश्न १ सप्टेंबर २०२५ च्या शिक्षक पात्रता परीक्षेबाबतच्या (टीईटी) निकालात मोठ्या पीठाकडे सोपवला गेला. तूर्तास लॉटरी नाही. याचा अर्थ गरीब मुलांना दार बंद असा मात्र नाही, अनुदानित तुकड्या मुळातच त्यांच्यासाठी आहेत.

शाळेत धर्मशिक्षण सक्तीचं असतं का? आम्ही कॅथलिक नाही.

नाही. राज्यघटनेच्या कलम २८(३) प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणालाही पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. कलम २९(२) प्रमाणे अनुदान घेणाऱ्या शाळेला केवळ धर्म, जात, वंश किंवा भाषा यांवरून प्रवेश नाकारता येत नाही. प्रत्यक्षात वेळापत्रकात एक तास असतो. त्या वेळी कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाच्या वर्गात बसतात, बाकीची नीतिशिक्षणाच्या. शाळेच्या सुरुवातीची प्रार्थना सर्वांसाठी असते आणि बहुधा कोणत्याही धर्माच्या माणसाला म्हणता येईल अशी असते. तरी शंका असेल तर वर्गशिक्षकांना सांगा, मूल हात न जोडता शांत उभं राहिलं तरी चालतं.

याची एक अडचण आहे. नीतिशिक्षणाचा तास कोणाला द्यायचा हे ठरलेलं नसलं की तो ‘ऑफ तास’ होतो आणि मुलं मैदानात पळतात. पालक-शिक्षक संघाने वर्षाच्या सुरुवातीला या तासाचा आराखडा मागून घ्यावा.

मूल दुसऱ्या शाळेत आहे. प्रथम ख्रिस्तप्रसादाची तयारी कशी?

धर्मग्रामाच्या रविवारच्या वर्गात. बहुतेक ठिकाणी हे वर्ग मुलांच्या मिस्सेआधी किंवा नंतर भरतात, इयत्तेप्रमाणे. प्रथम ख्रिस्तप्रसाद साधारण तिसरी-चौथीच्या वयाला आणि दृढीकरण माध्यमिकच्या शेवटच्या वर्षांत असतं. नेमकी इयत्ता धर्मग्राम ठरवतो.

नाव जूनमध्येच घाला, कारण तयारी एका वर्षाची असते आणि हजेरी धरली जाते. अडतं ते इथे : एप्रिलमध्ये पालक म्हणतात, ‘प्रार्थना सगळ्या पाठ आहेत’. पण पाठांतर हा तयारीचा एक भाग झाला. पापनिवेदन कसं करायचं, मिस्सेचे भाग कोणते, ख्रिस्तप्रसाद म्हणजे काय हे मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता यावं लागतं. कॅनन कायद्याचं कलम ९१४ ही जबाबदारी आधी आईवडिलांवर आणि मग धर्मगुरूंवर टाकतं, त्यामुळे पालकांच्या सभाही चुकवू नका. रविवार सकाळचे खासगी क्लास आणि फुटबॉलच्या स्पर्धा हे या वर्गांचे दोन मोठे प्रतिस्पर्धी. क्लासवाल्यांशी बोलून बॅच बदलता येते. एकट्याने विचारलं तर नाही म्हणतात, दहा पालक मिळून गेले तर ऐकतात.

आता शाळेत फादर-सिस्टर फारसे दिसतच नाहीत. मग ती कॅथलिक कशी?

देवबोलावणं स्वीकारणारे, म्हणजे धर्मगुरू-धर्मभगिनी होणारे, कमी झाले, आणि जे आहेत त्यांच्यावर चर्च, दवाखाना, मिशन अशी चार कामं आहेत. व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या शिक्षणविषयक जाहीरनाम्यात शाळेचा भार शिक्षकांवर असतो हे स्पष्ट म्हटलं, आणि आज तो प्रापंचिक शिक्षकांवर आहे. त्यातले अनेक इतर धर्मांचे. अडचण दिसते ती धर्मशिक्षणाच्या तासाला, कारण तो कॅथलिक शिक्षकालाच घ्यावा लागतो आणि शाळेत असे दोनच शिक्षक उरलेले असतात. निवृत्त शिक्षक किंवा प्रशिक्षण घेतलेले पालक आठवड्यातून दोन तास देऊ शकतात. धर्मशिक्षकाला मान्यता देण्याचा अधिकार कलम ८०५ प्रमाणे बिशपांचा असतो, म्हणून आधी फादरांशी बोला, परस्पर वर्गात जाऊ नका.

अकरावीला कॅथलिक कॉलेजात कोटा मिळतो का?

अल्पसंख्याक दर्जाच्या कनिष्ठ महाविद्यालयात त्या समाजासाठी ५० टक्क्यांपर्यंत जागा असतात. त्याशिवाय १० टक्के इनहाऊस (त्याच संस्थेच्या, त्याच आवारातल्या शाळेतल्या मुलांसाठी) आणि ५ टक्के व्यवस्थापन कोटा. मात्र राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी आणि अर्जाचा पहिला भाग भरलेला असल्याशिवाय कोट्यातूनही प्रवेश पक्का होत नाही. दरवर्षी काही मुलं ‘फादरांनी जागा ठेवलीय’ या विश्वासावर पोर्टलकडे फिरकत नाहीत. मुदत संपली की रिकाम्या कोटा-जागा केंद्रीय फेरीत जातात, आणि मग फादरही काही करू शकत नाहीत.

हुशार पण गरीब मुलाला शिष्यवृत्ती?

एनएमएमएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती. आठवीत परीक्षा, निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. अटी : कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, सातवीला किमान ५५ टक्के, आणि शाळा सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेची किंवा अनुदानित. म्हणजे मराठी तुकडीतलं मूल पात्र, त्याच आवारातल्या विनाअनुदानित इंग्रजी तुकडीतलं अपात्र. माध्यम निवडताना हे कोणी सांगत नाही, म्हणून इथे लिहिलं. उत्पन्नाच्या दाखल्याला वेळ लागतो, तो जूनमध्येच काढा.

आमची मुलं मोठी झाली. शाळेसाठी आता काय करता येईल?

पैसे हा पहिला विचार मनात येतो, पण आधी माणसं लागतात. वेतनेतर (पगाराखेरीजच्या खर्चासाठीचं) अनुदान इतकं तुटपुंजं असतं की प्लंबर, इलेक्ट्रिशियन, हिशेबनीस यांची कामं साचून राहतात. पावसाळ्याआधी कौलं आणि पन्हळी तपासणं, मुलींच्या स्वच्छतागृहाचं पाणी चालू आहे का बघणं, वाचनालय आठवड्यातून दोन दुपारी उघडं ठेवणं, संध्याकाळी पाड्यावरच्या मुलांचा तासभर अभ्यास घेणं. शाळेच्या वेळात मुलांबरोबर काम करायचं असेल तर मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि पोलीस पडताळणी करून घ्या, ओळखीचे असलात तरी.

माजी विद्यार्थ्यांनी सभागृह बांधून द्यायचं आणि मग त्याच्या फरशीवर नाव कोरण्यावरून दोन गट पडायचे, हा प्रकार नवा नाही. मोठ्या बांधकामाआधी जागेचा सातबारा कोणाच्या नावावर, परवानगी महापालिकेची की अन्य कोणाची, आणि देखभालीचा खर्च पुढची दहा वर्षं कोण करणार, हे तीन प्रश्न कागदावर मिटवून घ्या.

तक्रार असेल तर कोणाकडे जायचं?

अभ्यास, गृहपाठ, वर्गातली भांडणं यांसाठी वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक, मग व्यवस्थापक. उत्तर मिळालं नाही तर प्राथमिकसाठी गटशिक्षणाधिकारी आणि माध्यमिकसाठी पालघर जिल्हा परिषदेचे माध्यमिक शिक्षणाधिकारी. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. मिस्सा झाल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर फादरांना गाठून केलेली तक्रार दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकत नाही, आणि गावभर होते ती वेगळीच.

मुलाशी लैंगिक गैरवर्तन झाल्याचा संशय आला तर ही पायरी-पायरीची वाट धरू नका. पॉक्सो (बालकांचं लैंगिक अत्याचारापासून संरक्षण) कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. ‘शाळेचं नाव जाईल, धर्मग्रामात मिटवू’ असं सांगणारा माणूस कोणीही असो, त्याचं ऐकू नका. मुलाला पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावू नका, कपडे धुऊ नका, १०९८ वर फोन करा किंवा थेट पोलीस ठाण्यात जा. प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असायला हवी. तिच्या सदस्यांची नावं सूचनाफलकावर लावलेली आहेत का, हे प्रवेश घ्यायला जाल त्याच दिवशी बघून या.